विश्वासाने निर्णय कसा घ्यावा : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

ख्रिस्ती विश्वासात नव्याने आलेल्या माणसाला एक प्रश्न लवकरच गाठतो : ह्या बाबतीत देवाची इच्छा काय, हे मला कळावे कसे? नोकरी बदलायची असते, लग्नाला होकार द्यायचा असतो, कर्ज काढायचे असते, मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, एखादी जबाबदारी घ्यायची असते. मग तो स्वप्नाची, आवाजाची, अचानक डोळ्यांसमोर येणाऱ्या वचनाची वाट पाहू लागतो. पवित्र शास्त्रात असे प्रसंग आहेत, पण मोजके, आणि बहुतेक वेळा ते कुणी मागितलेले नसताना घडले आहेत. एरवी तिथली शहाणी माणसे देवाने आधी सांगितलेले आठवतात, चौकशी करतात, सल्ला घेतात, प्रार्थना करतात आणि मग ठरवतात. निर्णय फसतात ते बहुधा ह्यातले एखादे काम वगळल्यामुळे, किंवा आधी ठरवून टाकून नंतर त्यावर देवाचे नाव लिहिल्यामुळे. म्हणून खाली दिलेला क्रम महत्त्वाचा आहे.

आधी हाताशी काय असावे

एक साधी वही, जुना आणि नवा असे दोन्ही करार असलेले बायबल, जमल्यास शब्दसूची (कोणता शब्द बायबलात कुठे कुठे आला आहे ते दाखवणारे पुस्तक), आणि वेळ. आयुष्याला वळण देणाऱ्या निर्णयासाठी किमान तीन आठवडे राखा. मधल्या निर्णयाला एक आठवडा पुरतो. रोज अर्धा तास बसणे हे रविवारी एकदम चार तास बसण्यापेक्षा बरे, कारण मनाचा कल दिवसागणिक बदलतो आणि तो बदलताना दिसला पाहिजे. वहीत प्रत्येक नोंदीवर तारीख घाला. तीन आठवड्यांनी मागे वळून वाचताना ह्या तारखा फार उपयोगी पडतात.

पायरी १ : प्रश्न एका वाक्यात लिहा

'माझ्या नोकरीचे काय करू?' हा प्रश्न नव्हे, ही चिंता आहे. 'आलेली नवी नोकरी ३० तारखेच्या आत स्वीकारावी की आहे तिथेच निदान एक वर्ष राहावे?' हा प्रश्न. त्यात दोन स्पष्ट पर्याय आहेत आणि मुदत आहे. पर्याय एकच दिसत असेल तर निर्णय आधीच झालेला आहे, तुम्ही फक्त शिक्का शोधत आहात. अशा वेळी दुसरा पर्याय, आणि शक्य असेल तर तिसराही, मुद्दाम लिहून काढा.

आता हा प्रश्न कोणत्या जातीचा आहे ते पाहा. काही गोष्टींची शास्त्रात आज्ञाच आहे : सत्य बोलणे, घेतलेले परत करणे, क्षमा करणे, आईवडिलांचा मान राखणे. काही गोष्टींना स्पष्ट मनाई आहे : चोरी, खोटी साक्ष, व्यभिचार, मजुराची मजुरी अडवणे. ह्या दोन्ही जातींच्या बाबतीत 'देवाची इच्छा काय?' असे विचारत बसणे म्हणजे टाळाटाळ. जोडीदाराला फसवून चाललेले संबंध सुरू ठेवावेत का, ह्यासाठी तीन आठवडे प्रार्थना लागत नाही.

उरतो तो मोठा भाग मोकळा आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेतल्या सर्व झाडांची फळे यथेच्छ खायला सांगतो आणि एका झाडाची मनाई करतो. आज कोणत्या झाडाचे फळ खाऊ, असे रोज येऊन विचार, असे तो सांगत नाही. विधवेच्या पुनर्विवाहाबद्दल प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो (१ करिंथ ७:३९, म्हणजे पहिल्या पत्राचा ७ वा अध्याय, ३९ वे वचन) की तिला हवे त्याच्याशी लग्न करायला ती मोकळी आहे, मात्र ते प्रभूमध्ये असावे. चौकट देवाने आखली, आतली निवड तिच्यावर सोपवली. नव्या विश्वासणाऱ्याने हे मनावर नीट ठसवून घ्यावे, कारण ह्या मोकळ्या भागातही एकच 'बरोबर' उत्तर कुठेतरी लपवून ठेवले आहे आणि ते हुकले तर आयुष्य वाया गेले, ह्या भीतीने पुष्कळ जण थिजून बसतात. दोन चांगल्या पर्यायांतून एक निवडणे हे पाप नाही.

पायरी २ : स्वतःला काय हवे आहे ते कबूल करा

ही पायरी सर्वांत अवघड, आणि सर्वाधिक वगळली जाणारीही हीच. यिर्मयाच्या पुस्तकातले ४१ ते ४३ हे अध्याय ह्यासाठी सलग वाचा. यरुशलेम पडल्यावर उरलेली माणसे योहानान ह्या सेनानायकाच्या मागे निघाली होती. मिसर देशात (इजिप्तमध्ये) जायचे म्हणून बेथलेहेमाजवळ त्यांनी तळ टाकला. त्यानंतर ती यिर्मया संदेष्ट्याकडे आली आणि म्हणाली, देवाला विचार. तो बरे सांगो की वाईट, आम्ही ऐकू. दहा दिवसांनी उत्तर आले : ह्याच देशात राहा, मिसरात जाऊ नका. तेव्हा ती यिर्मयालाच म्हणाली, तू खोटे बोलतोस. आणि त्याला सोबत घेऊनच ती मिसरात गेली.

शब्द निर्दोष होते. पण प्रश्न विचारण्याआधीच सामान बांधून झाले होते आणि पावले मिसरच्या वाटेला लागली होती. म्हणून वहीत स्पष्ट लिहा : 'मला आत्ता अमुक हवे आहे.' त्याखाली 'का' ते लिहा, आणि जे लिहायला लाज वाटते तेही लिहा : जास्त पैसा, भावाच्या पुढे जाणे, एका माणसापासून सुटका, लोक काय म्हणतील ही धास्ती. मग स्वतःला विचारा, उत्तर उलटे आले तर मी मानीन का? खरे उत्तर 'नाही' असेल तर पुढे जाऊ नका. आधी त्यावरच प्रार्थना करा. ब्रिस्टल शहरात हजारो अनाथ मुलांचा सांभाळ करणारे जॉर्ज म्युलर (१८०५–१८९८) सुरुवात इथूनच करत : समोरच्या बाबतीत आपल्या मनाला स्वतःची अशी इच्छा उरू नये, तिथवर मन आणायचे. अडचणींचा बराच भाग इथेच सुटतो, असे त्यांचे म्हणणे होते.

इच्छा असणे चूक नाही. गेथशेमाने बागेत येशूने हा प्याला टळो अशी स्वतःची इच्छा बोलून दाखवली आणि मग ती पित्याच्या हाती दिली. लपवलेली इच्छा मात्र पुढच्या प्रत्येक पायरीत लुडबुड करते.

पायरी ३ : माहिती गोळा करा

प्रार्थना करणाऱ्याने चौकशी करू नये, तो अविश्वास ठरेल, असा समज काही ठिकाणी आढळतो. शास्त्र ह्याच्या उलट बोलते. बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, असे येशूच सांगतो (लूक १४:२८). नीतिसूत्रे १८:१३ प्रमाणे ऐकून घेण्याआधी उत्तर देणे हा मूर्खपणा आहे आणि त्यात फजिती आहे.

पारसाच्या राजाच्या पदरी असलेला यहूदी नहेम्या ह्या बाबतीत उत्तम गुरू आहे. यरुशलेमेच्या पडक्या तटाची बातमी त्याला यहूदी पंचांगातल्या किसलेव महिन्यात कळली आणि राजासमोर तो नीसान महिन्यात बोलला. म्हणजे सुमारे चार महिने त्याने उपास आणि प्रार्थनेत घालवले. पण राजाने 'तुझी मागणी काय?' असे विचारले तेव्हा त्याच्याकडे सगळे तयार होते : परतण्याची मुदत, नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांसाठी पत्रे, लाकडासाठी वनाच्या रखवालदाराच्या नावे पत्र. यरुशलेमेस पोहोचल्यावर तीन दिवसांनी, कुणाला काही न सांगता, रात्री फिरून त्याने तटाची पाहणी केली आणि मगच लोकांसमोर बेत मांडला. चार महिन्यांच्या प्रार्थनेनेही त्याला ही रात्रीची फेरी अनावश्यक वाटली नाही.

उलटे उदाहरण यहोशवाच्या पुस्तकात ९ व्या अध्यायात आहे. यहोशवा तेव्हा इस्राएलाचा पुढारी होता, आणि त्या देशातल्या रहिवाशांशी करार करायला त्यांना मनाई होती. गिबोनचे लोक फाटके जोडे घालून, बुरसटलेली भाकर घेऊन आले आणि आपण फार दूरच्या देशातले आहोत असे म्हणाले. इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी शिदोरी तपासली, ती खरेच शिळी होती. पण परमेश्वराला विचारले नाही आणि शपथ घेऊन करार केला. तीन दिवसांनी कळले की हे तर शेजारीच राहतात. इथे पुरावा पाहिला होता, पण समोरच्याने दाखवला तेवढाच. त्यामुळे माहिती घेताना निर्णयात ज्याचा फायदा आहे त्याच्याशिवाय आणखी निदान एका माणसाकडून ती घ्या. पहिला बोलणारा खरा वाटतो, दुसरा येऊन त्याची तपासणी करीपर्यंत; हेही नीतिसूत्रांतलेच (१८:१७).

वहीच्या एका पानावर 'माहीत आहे', 'ऐकीव आहे' आणि 'शोधायचे आहे' अशा तीन रकान्यांत नोंद करा. तिसरा रकाना निम्मा तरी रिकामा झाल्याशिवाय कुणाला शब्द देऊ नका.

पायरी ४ : शास्त्र वाचा, पण चिठ्ठी काढल्यासारखे नको

डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ते वचन आपले मानायचे, ही सवय फार जुनी आहे. तिचा आधार म्हणून पुष्कळदा संत ऑगस्टिनचे नाव घेतले जाते. ३८६ साली मिलान शहरातल्या एका बागेत त्यांनी पौलाची पत्रे उघडली, डोळे पडले ते रोमकरांस पत्र १३:१३–१४ वर, आणि त्यांचे जीवन पालटले, हे खरे. पण ते वचन पापी जीवन सोडून ख्रिस्ताला परिधान करण्याचे होते. कोणती नोकरी घ्यावी हे त्यात नव्हते. पुढे बिशप झाल्यावर एका पत्रात त्यांनीच लिहून ठेवले की संसारातल्या कामांसाठी शुभवर्तमानाच्या पानांतून कौल काढण्याची रीत आपल्याला आवडत नाही.

त्याऐवजी असे करा. पहिल्या आठवड्यात रोज नीतिसूत्रांचा एक अध्याय वाचा. त्या पुस्तकाला ३१ अध्याय आहेत, म्हणून महिन्याच्या तारखेप्रमाणे वाचणे सोपे जाते. वाचताना तुमच्या प्रश्नाशी भिडणारे वचन वहीत उतरवा. दुसऱ्या आठवड्यात शब्दसूचीतून विषयानुसार उतारे शोधा : पैसा, जामीन, श्रम, लग्न, वडीलधारे, परका, जे लागू असेल ते. पाच ते सात उतारे पुरेत. प्रत्येक उताऱ्याचा पूर्ण अध्याय वाचा आणि तीन गोष्टी लिहा : हे कोणाला सांगितले आहे? ही आज्ञा आहे, वचन आहे, घडलेली गोष्ट आहे की शहाणपणाची म्हण आहे? ह्यातले आज मला काय लागू आहे?

दुसऱ्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्या, कारण नवखे वाचक इथेच अडखळतात. घडलेली गोष्ट म्हणजे आज्ञा नव्हे. याकोबाने दोन बहिणींशी लग्न केले, म्हणून आपणही करावे असे नाही. म्हण हीही प्रत्येक प्रसंगाला सारखीच लागू होणारी हमी नसते. नीतिसूत्रे २६:४ म्हणते मूर्खाला त्याच्या मूर्खतेप्रमाणे उत्तर देऊ नकोस. लगेचचे ५ वे वचन म्हणते दे. संकलन करणाऱ्याने हे दोन शेजारी ठेवले ते विसरभोळेपणाने नव्हे. समोर कोण आहे आणि वेळ कोणती आहे हे ओळखून दोहोंतले एक निवडायला वाचकाने शिकावे, असा त्याचा रोख आहे.

वचने आपल्यालाच उद्देशून आहेत असे धरण्याआधी पत्ता वाचा. यिर्मया २९:११ मधले 'तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत' हे बाबेलात कैद होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातले आहे. त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षे थांबावे लागेल असे आहे, आणि वर पाचव्या वचनात घरे बांधा, मळे लावा असे सांगितले आहे. ते वाचून देवाच्या स्वभावाबद्दल धीर जरूर घ्या. येत्या महिन्यात बढती मिळेल हे मात्र त्यातून निघत नाही. मंदिराच्या शिखरावर सैतानानेही वचनच वापरले होते, ९१ व्या स्तोत्रातले, आणि शब्दही खरे होते. येशूने त्याला 'अनुवाद' ह्या जुन्या करारातल्या पुस्तकातल्या दुसऱ्या वचनाने उत्तर दिले : परमेश्वराची परीक्षा पाहू नका. एका वचनावर निर्णय उभा राहत असेल तर त्याच्या विरुद्ध बाजूला वजन टाकणारे वचन शोधल्याशिवाय थांबू नये, असे आमचे ठाम मत आहे.

पायरी ५ : प्रार्थनेत शहाणपण मागा

नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात (याकोब १:५) ज्याला ज्ञान कमी पडते त्याने देवाकडे मागावे, तो दोष न लावता उदारपणे देतो, असे आहे. मागायला सांगितले आहे ते शहाणपण, भविष्य नव्हे. त्या अध्यायाची सुरुवात परीक्षांनी होते, म्हणजे हे वचन कोंडीत सापडलेल्या माणसासाठीच आहे.

रोजच्या अर्ध्या तासातली दहा मिनिटे प्रार्थनेला द्या. आधी उपकारस्तुती, मग कबुली, मग प्रश्नाचे ते एक वाक्य देवासमोर जसेच्या तसे वाचा, मग काही मिनिटे गप्प बसा. मनात जे येईल ते लिहा, पण त्याला लगेच 'देव बोलला' असे नाव देऊ नका. 'आज मनात असे आले' एवढेच लिहा. तेच दहा दिवस टिकले, शास्त्राशी जुळले, इतरांच्या तपासणीतून पार पडले, तर वजन आपोआप वाढेल. उपास करायचा असेल तर प्रकृती सांभाळून एका जेवणाचा करा. मधुमेह, गरोदरपण किंवा चालू औषधे असतील तर अन्नाऐवजी फोन बंद ठेवण्याचा उपास घ्या.

'मला शांती वाटते, म्हणजे ही देवाची इच्छा' हे वाक्य फार ऐकू येते. फिलिप्पैकरांस पत्र ४:६–७ मधली शांती ही आपल्या मागण्या देवाला कळवणाऱ्यांच्या मनाचे राखण करणारी आहे. दोन पर्यायांतला कोणता निवडावा ह्याची ती खूण आहे असे तिथे म्हटलेले नाही. देवापासून पळणारा योना संदेष्टा तुफानात जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. बरोबर वाटेवर असलेला येशू गेथशेमानेत व्याकूळ होता. मनाची स्थिती नोंदवा, तिला वजन द्या, पण तिला न्यायाधीश करू नका.

पायरी ६ : सल्ला कोणाचा, आणि कसा मागायचा

तीन माणसे निवडा. एक शास्त्र जाणणारा आणि ते जगणारा : पाळक, धर्मगुरू, मंडळीतली जुनी विश्वासू बाई. दुसरा त्या विषयातला जाणकार. पैशाच्या प्रश्नाला हिशेबाचा माणूस, आजाराच्या प्रश्नाला डॉक्टर. तो विश्वासणारा नसला तरी चालेल. तिसरा तुम्हाला अनेक वर्षे ओळखणारा, तुमच्या चुका तोंडावर सांगू शकणारा. विवाहित असाल तर जोडीदार ह्या तिघांत धरू नका. तो सल्लागार नव्हे, निर्णयातला भागीदार आहे.

लोकांनी आपले जू हलके करावे असे म्हटले तेव्हा शलमोनाचा मुलगा रहबाम राजा ह्याने तीन दिवसांची मुदत मागून घेतली, वडीलधाऱ्यांना विचारले, मग आपल्याबरोबर वाढलेल्या तरुणांना विचारले, आणि जे कानाला गोड लागले ते उचलले. दहा वंश फुटून निघाले (१ राजे १२). सल्ला न घेणे ही त्याची चूक नव्हती. मनासारखे उत्तर मिळेपर्यंत माणसे बदलत राहणे ही होती. लढाईला जावे का ह्यावर अहाब राजाकडे तर सुमारे ४०० संदेष्टे एकमुखाने 'जा' म्हणत होते. मीखाया ह्या संदेष्ट्याला तो बोलवत नव्हता, कारण हा माझ्याविषयी कधी बरे बोलत नाही, अशी त्याची तक्रार. मीखायाच खरा निघाला. म्हणून बोलायला जाण्याआधीच तिघांची नावे वहीत लिहा आणि मग यादी बदलू नका.

विचारताना आपला कल सांगू नका. दोन्ही पर्याय सारख्याच तपशिलाने मांडा आणि म्हणा, 'ह्यात मला न दिसणारे काय आहे?' हा प्रश्न 'मी काय करू?' पेक्षा कितीतरी चांगला. क्वेकर ख्रिस्ती लोकांत अशी जुनी रीत आहे की काही विश्वासू माणसे एकत्र बसतात आणि निर्णय घेणाऱ्याला सल्ला न देता फक्त प्रामाणिक प्रश्न विचारतात, शांतपणे, मध्ये पुरेसे थांबून. हे कुठल्याही मंडळीत करता येते. दोन तास पुरतात.

कुणी येऊन 'तू अमुक कर असे देवाने मला सांगितले' म्हणाले तर? ऐकून घ्या, लिहून ठेवा, पण तेवढ्यावर हलू नका. १ राजे १३ मध्ये यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला वाटेत कुठे खाऊ-पिऊ नको अशी स्पष्ट आज्ञा होती. बेथेलमधल्या एका म्हाताऱ्या संदेष्ट्याने त्याला सांगितले की देवदूताने मला तुला घरी न्यायला सांगितले आहे. ते खोटे होते. तो गेला, जेवला, आणि परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला मारले. लग्न, पैसा आणि घर सोडणे ह्या तीन बाबतींत असा निरोप आणणाऱ्याचा दबाव वाढत असेल, किंवा 'हे कुणाला सांगू नकोस' अशी अट असेल, तर त्याच दिवशी दुसऱ्या विश्वासू माणसाला सांगा. भाकीत ऐकल्यावर पारखून घ्या ही पौलाचीच सूचना आहे (१ थेस्सल ५:२०–२१).

सल्लागार ऐकायचे असतात. निर्णय मात्र तुमचा. यरुशलेमेत पौलाला बांधतील हे अगब संदेष्ट्याचे भाकीत कैसरियात ऐकून सगळे सोबती रडत पौलाला अडवत होते. त्याने ऐकले आणि तरीही तो यरुशलेमेस गेला. मग त्यांनीही 'प्रभूची इच्छा असेल तसे होवो' म्हणून आग्रह सोडला.

पायरी ७ : 'दार उघडले' म्हणजे काय?

संधी आली म्हणजे देवाने पाठवली, हे गणित शास्त्रात टिकत नाही. योनाला यापो बंदरात तार्शीशला जाणारे जहाज तयार मिळाले, भाड्याला पैसेही होते. एन-गेदीच्या गुहेत, दावीदाच्या जिवावर उठलेला शौल राजा एकटाच त्याच्या हाती सापडला आणि दावीदाची माणसे म्हणाली, परमेश्वराने सांगितला होता तो हाच दिवस. दावीदाने संधीवर आज्ञा ठेवून पाहिली, परमेश्वराच्या अभिषिक्तावर हात टाकणे त्याला पटले नाही, आणि त्याने फक्त झग्याचा काठ कापला. त्याबद्दलही त्याचे मन त्याला खाऊ लागले. पौलाला त्रोवस शहरात खरेच दार उघडले होते, तरी त्याचा सहकारी तीत भेटला नाही म्हणून त्याच्या जिवाला चैन पडेना आणि तो पुढे निघाला (२ करिंथ २:१२–१३).

गिदोनाची लोकर हे अनेकांचे आवडते उदाहरण : त्याने रात्री लोकर ठेवून, दव फक्त तिच्यावर पडो, आणि मग उलट, अशी खूण मागितली (शास्ते ६). पण देवाने त्याला काय करायचे ते आधीच सांगितले होते. लोकर त्याच्या भीतीसाठी होती, आणि दुसऱ्यांदा मागताना तो स्वतःच देवाला 'माझ्यावर रागावू नकोस' असे विनवतो. 'उद्या दुपारपर्यंत फोन आला तर होकार' असल्या अटी घालू नका. त्या कशानेही पुऱ्या होऊ शकतात.

परिस्थिती वाचायची कशी, ते प्रेषितांची कृत्ये १६:६–१० मध्ये दिसते. पौल आणि सोबत्यांना आशिया ह्या रोमी प्रांतात मनाई, बिथुनियाकडे जाऊ दिले नाही, मग त्रोवस, मग रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त. त्यानंतरही तिथे 'आम्ही अनुमान केले' असे अनेकवचन आहे. दृष्टान्त एकाला झाला, अर्थ सर्वांनी मिळून लावला.

पायरी ८ : वजन करा आणि ठरवा

आता दोन पाने घ्या, प्रत्येक पर्यायाला एक. प्रत्येकावर हे प्रश्न लिहून उत्तरे द्या. हे हितकारक आहे का, आणि ह्याची सत्ता माझ्यावर चालेल का (१ करिंथ ६:१२)? ह्याने इतरांची उन्नती होते का (१०:२३–२४)? दुर्बळ विवेकाच्या बंधूला ह्याने ठेच लागेल का (रोम १४)? मनात शंका असताना मी हे रेटतो आहे का (रोम १४:२३)? आणि हा निर्णय मी घेतोय तो याकोब ३:१७ मधल्या वरून येणाऱ्या ज्ञानासारखा आहे का : शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, ऐकून घेणारा, दयेने भरलेला, पक्षपात आणि ढोंग नसलेला? ह्या शेवटच्या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्या. नेमका निर्णय असूनही तो कडवटपणे घेतला जात असेल तर दोन दिवस थांबणे चांगले.

जेझुइट संघाचे संस्थापक इग्नाती लोयोला (१४९१–१५५६) ह्यांनी सुचवलेले दोन उपाय अजून उपयोगी पडतात. एक : अगदी अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सांगाल ते लिहा आणि तेच स्वतः करा. दोन : मरणाच्या वेळी मागे पाहताना आपण काय निवडलेले असावे असे वाटेल, ते पाहा. त्यांचा आणखी एक नियम ह्या दोहोंपेक्षा मोलाचा आहे : मन खचलेले, प्रार्थना कोरडी आणि सगळे अंधारलेले असताना नवा बदल करू नका, आधी शांत मनाने जे ठरवले होते त्यावरच राहा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला आधी दोनदा खाऊ घातले आणि झोपू दिले. नवे काम त्याला नंतर होरेब डोंगरावर मिळाले. रात्री दहानंतर, भांडणानंतर, आजारपणात किंवा कुणाच्या मरणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत मोठे निर्णय पुढे ढकला.

ठरवलेल्या तारखेला निर्णय घ्या. एका वाक्यात लिहा, खाली तीन कारणे लिहा आणि 'प्रभूची इच्छा असेल तर' असे म्हणून (याकोब ४:१५) पहिले पाऊल चोवीस तासांत टाका : पत्र पाठवा, होकार कळवा, नकार सांगा.

वेळच नसेल तर

राजाचा प्रश्न आणि नहेम्याचे उत्तर ह्यांच्या मध्ये एका प्रार्थनेइतकाच अवकाश होता, आणि तो पुरला, कारण मागे चार महिने होते. तासाभरात ठरवायचे असेल तर मनाई आहे का, कोणाचे नुकसान होते का, आणि हे परत फिरवता येईल का, एवढे तीन प्रश्न विचारा. परत फिरवता येत नसेल आणि समोरचा घाई करत असेल तर 'नाही' म्हणा. विशेषतः दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहण्याच्या बाबतीत. नीतिसूत्रे ६:१–५ मध्ये तर आधीच सही केलेल्याला झोपही न घेता सुटका करून घ्यायला सांगितले आहे.

मारहाण होत असेल, जिवाला धोका असेल, तर ह्यातली एकही पायरी पाळत बसू नका. आधी सुरक्षित ठिकाणी जा. शौलाने भाला फेकला तेव्हा दावीद पळाला, आणि त्याच रात्री त्याची बायको मीखल हिने त्याला खिडकीतून उतरवले. सहन करत राहणे हीच देवाची इच्छा, असे सांगणाऱ्याला हा अध्याय दाखवा (१ शमुवेल १९). तसेच आजारात औषध सोडून विश्वास सिद्ध करण्याची गरज नाही. पौलाचा सोबती लूक वैद्य होता.

निर्णयानंतर

पहिली अडचण आली की निर्णय चुकला असे वाटू लागते. दृष्टान्तानुसार मासेदोनियात गेलेल्या पौल आणि सीला ह्यांना फिलिप्पैत फटके बसले आणि पाय खोड्यात अडकले. त्यावरून ते चुकीच्या गावी आले होते असे कुणी म्हणत नाही. तीस दिवसांनी वही उघडा आणि लिहिलेली तीन कारणे अजून खरी आहेत का ते पाहा. कारणे खरी असतील तर अडचणीत टिकून राहा. कारणच खोटे निघाले असेल, म्हणजे माहिती चुकीची होती किंवा कुणी फसवले होते, तर पुन्हा पायरी ३ पासून सुरुवात करा.

दिलेला शब्द मात्र वेगळा. गिबोनच्या लोकांनी फसवले होते तरी यहोशवाने शपथ मोडली नाही. पुढच्याच अध्यायात त्यांच्यावर हल्ला झाला तेव्हा तो रातोरात चालून त्यांच्या मदतीला गेला. जिथे शब्द पाळणे हेच पाप ठरेल, तिथे पश्चात्ताप करून तो मोडावा. जिथे फक्त आपले नुकसान आहे, तिथे पाळावा (स्तोत्र १५:४).

पहिल्यांदा ही रीत वापरताना लग्न किंवा स्थलांतर ह्यांनी सुरुवात करू नका. आठवड्याभरात संपणारा, परत फिरवता येणारा एखादा छोटा प्रश्न घ्या : मंडळीत एक जादा काम स्वीकारावे का, एखादी मोठी वस्तू आता घ्यावी की सहा महिन्यांनी. सर्व पायऱ्या क्रमाने करा, आणि शेवटी वहीत लिहा की कोणती पायरी गाळावीशी वाटली. पुढच्या वेळी त्या पायरीला दुप्पट वेळ द्या.